गोणपाटाला कॉलम नाही

आमचे आप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, त्याला चौदा वर्षं झाली. अजूनही कुणाच्या वास्तुशांतीला गेले की आधी भिंतीवर टिचकी मारून बघतात, मग देवाला नमस्कार करतात. त्यांची भाची, म्हणजे माझी आत्येबहीण, व्हर्जिनियात असते. अमेरिकी सरकारला सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत तिनं अकरा वर्षं काढली. कोणती कंपनी ते ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी दोघं साताऱ्याच्या घरी पडवीत चिंचा फोडत बसले होते. वर गच्चीवर गवंडी ब्रिकबॅट कोब्याचं काम आवरत होता. ठरलेल्या मजुरीशिवाय आप्पांनी त्याला सांगून ठेवलं होतं, ‘काम मनासारखं झालं तर पाच हजार वर.’ हे ऐकून ताई म्हणाली, “मामा, ही तर अवॉर्ड फी झाली!” आप्पांना शब्द आवडला, आणि दुपारची झोप गेली. आठवतं तसं खाली देतो. मी मध्ये एकदाच बोललो, तेही अंगाशी आलं.

आप्पा : अवॉर्ड म्हणजे शाल-श्रीफळ?

ताई : शाल नाही, रोख. सरकारला कधी कधी असं काम द्यायचं असतं की किती खर्च येईल ते देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. नवं विमान बनवायचंय, किंवा युद्धाच्या जागी दीड लाख सैनिकांचं जेवणखाण, धुणंभांडी बघायचीयत. अशा कामाचा दर कोण देणार? मग खर्च होईल तो सरकार भरतं, वर ठेकेदाराचा नफा. कॉस्ट-प्लस म्हणतात त्याला.

आप्पा : खर्चावर टक्के? मग तो सोन्याच्या विटा लावेल की.

ताई : टक्क्यांनी नफा द्यायला तिकडे कायद्यानंच बंदी आहे. नफ्याची रक्कम आधी ठरते. त्यातला थोडासा भाग पक्का, कधी कधी तोही शून्य. उरलेली रक्कम बाजूला ठेवायची आणि ठरावीक काळानं, बहुधा सहा महिन्यांनी, काम कसं झालं ते बघून त्यातले किती द्यायचे ते सरकारनं ठरवायचं. खरेदीच्या नियमांचं जे बाड आहे ना, फेडरल अ‍ॅक्विझिशन रेग्युलेशन, त्याला सगळे आद्याक्षरांवरून ‘फार’ म्हणतात.

आप्पा : फार असणारच.

ताई : त्यात तक्ता आला. ‘उत्कृष्ट’ असेल तर ९१ ते १०० टक्के. ‘अतिशय चांगलं’ तर ७६ ते ९०. ‘चांगलं’ तर ५१ ते ७५. ‘समाधानकारक’ असेल तर पन्नासच्या वर जायचं नाही. असमाधानकारकला शून्य.

आप्पा : आणि हे ठरवतो कोण? बिल काढणारा?

ताई : रोज कामावर लक्ष ठेवणारे वेगळे, ते नोंदी देतात. मग एक मंडळ बसतं. शेवटचा आकडा मात्र एकच अधिकारी लिहितो, तोही एकतर्फी.

आप्पा : एकतर्फी! आणि ठेकेदार कोर्टात जात नाही?

ताई : जातो ना. १९९७ मध्ये बर्नसाइड-ऑट म्हणून वैमानिक प्रशिक्षणवाल्या कंपनीचा खटला फेडरल सर्किट कोर्टापुढे आला होता. कोर्ट म्हणालं, अधिकाऱ्यानं मनमानी केली असेल तर बघू. पण सत्तर द्यायला हवे होते की ऐंशी, यात आम्ही शिरणार नाही.

आप्पांनी हातातली चिंच खाली ठेवली. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही कोर्टानं त्यांच्या मताची एवढी बूज राखल्याचं त्यांना आठवत नसावं.

आप्पा : अगं, आम्हाला हे मिळालं असतं तर! आमच्या बी-वन ठेक्यात दंडाचं कलम होतं. उशीर झाला की दिवसाला एवढा, जास्तीत जास्त दहा टक्के. बक्षिसाचं कलम शोधून सापडायचं नाही. पाटणच्या बाजूला एका रस्त्यावर दोन मोऱ्या होत्या माझ्याकडे. दोन ठेकेदार, दर जवळजवळ सारखाच. मे महिना, वर स्लॅब टाकलेले. रात्री साडेनऊला मी न सांगता गेलो. पहिल्या मोरीवर म्हातारा ठेकेदार स्वतः कंदील घेऊन गोणपाटावर पाणी मारत होता. मजूर झोपलेले. दुसऱ्या मोरीवर गोणपाट होतं, पण वाळून पापड झालेलं. त्याला पत्र दिलं, दम दिला, तेव्हा पाणी पडलं. पुढे चाचणीचे काँक्रीट क्यूब दोघांचेही पास झाले. बिलं दोघांची सारखीच निघाली. कारण एम.बी.त, म्हणजे मोजमाप वहीत, लांबी, रुंदी, उंची असते. गोणपाटाला कॉलम नसतो!

ताई : म्हाताऱ्याला काय दिलंत मग?

आप्पा : चहा पाजला. आणखी काय देणार?

ताई : आणि त्या मोऱ्यांचं पुढे काय झालं?

आप्पा : (जरा थांबून) दोन्ही आहेत अजून.

ताई : दोन्ही?

आप्पा : हसू नकोस. फरक पडला असेल. माझी बदली झाली, बघायला मी होतो कुठे?

ताई : बरं, नाही हसत. पण तुम्हाला जी गोष्ट मिळाली नाही म्हणून वाईट वाटतंय ना, ती हाती असलेल्या लोकांनी तिचं काय केलं ते ऐका. अमेरिकी काँग्रेसची हिशेब तपासणारी संस्था आहे, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस. तिनं डिसेंबर २००५ मध्ये संरक्षण खात्याच्या अशा ठेक्यांवर अहवाल दिला. ९३ ठेक्यांचा नमुना घेतला होता. त्यावरून अंदाज निघाला तो असा की खात्यानं सुमारे ८ अब्ज डॉलर अवॉर्ड फी वाटली आणि उपलब्ध रकमेतले मिळालेले टक्के, मधला आकडा धरला तर, ९०.

आप्पा : आमच्याकडे टक्केवारी म्हटलं की लोक आधी दार लोटून घेतात.

ताई : तसली नाही हो ही. सगळं पांढऱ्यावर काळं, सहीशिक्क्यानिशी. म्हणून तर जास्त राग येतो. कोमांची नावाचं हेलिकॉप्टर होतं. खर्च वाढला, वर्षं वाढली आणि २००४ मध्ये लष्करानं प्रकल्पच गुंडाळला. ठेकेदारांना उपलब्ध फीपैकी ८५ टक्के मिळाली होती. एफ-२२ विमानाला ९१. आणि गंमत पुढे आहे. एका सहामाहीत जी फी हुकली ती पुढच्या सहामाहीत ढकलायची, म्हणजे पुन्हा कमवायची संधी. रोलओव्हर म्हणायचे त्याला.

आप्पा : एटीकेटी!

ताई : अगदी. नापास झालेल्या विषयाची एटीकेटी, तीही तेवढ्याच मार्कांची. ती २००९ च्या नियमानं बंद झाली.

आप्पा : म्हणजे दोष माणसांचा आहे, कलमाचा नाही. मास्तर सगळ्यांना पास करतो म्हणून परीक्षा रद्द करतेस काय?

ताई : मास्तर मुलांच्याच घरी जेवायला असेल तर करावी. मामा, ज्या गोष्टी मोजता येतात त्यांना सरळ पैसे लावा ना. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसकडे नॉर्थरिजचा भूकंप झाला, सांता मोनिका फ्रीवेचे पूल पडले. राज्य सरकारनं ठेका दिला १४० दिवसांचा. लवकर केलंत तर दिवसाला २ लाख डॉलर बक्षीस, उशीर झाला तर तेवढाच दंड. सी. सी. मायर्स कंपनीनं ६६ दिवसांत रस्ता उघडला. ७४ दिवसांचे १ कोटी ४८ लाख डॉलर घेतले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळ नाही, नोंदी नाहीत, कुणाचं मत नाही. कॅलेंडर भिंतीवर, त्यात बघायचं.

आप्पा : तिथं सरकारला हवी होती एकच गोष्ट, रस्ता सुरू. शहर अडकून पडलं होतं. पण तू दिवसाला पैसे लावलेस की ठेकेदार दिवस पळवणार. काँक्रीट पळत नाही, बाई. त्याचे अठ्ठावीस दिवस तुझ्या दोन लाखांनी सत्तावीस होत नाहीत. तिथं नामांकित माणूस होता, वर देखरेखही कडक असणार. आमच्या मोरीवर दिवसाचं बक्षीस लावलं असतंस तर म्हाताऱ्यानंही गोणपाट गुंडाळून ठेवलं असतं!

हा मुद्दा ताईला लागला असावा, कारण तिनं उत्तर न देता दोन-तीन चिंचा फोडल्या. नंतर कबूल केलं की ‘फार’मध्येही हेच आहे. आधी ठरवलेली मोजता येणारी लक्ष्यं जिथं बसवता येत नाहीत किंवा उपयोगी पडत नाहीत, तिथंच अवॉर्ड फी वापरायची आणि तसं लेखी कारण द्यायचं. मूल्यमापनाचा खटाटोप परवडतो का, हेही आधी बघायचं.

आप्पा : मग? मीही तेच म्हणतोय. सैनिकांच्या मेसमधलं जेवण कसं आहे ते टेपनं मोजणार? की अडचणीच्या वेळी ठेकेदारानं फोन उचलला का, ते लांबी-रुंदी-उंचीत लिहिणार? आमच्याकडे काय झालं बघ. सगळ्यात कमी दर ज्याचा त्याला काम. दिल्लीनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सूचना काढल्या की निवडक कामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त तीस टक्के वजन देता येईल. चांगलं केलं. पण तेही निवड करताना. काम झाल्यावर मला दोन शब्द म्हणायचे असतील तर त्या शब्दांना किंमत नाही. आणि समज, उद्या दिलं मला कलम. मी म्हाताऱ्याला शंभर टक्के दिले. पुढच्या मार्चला ऑडिट पॅरा येईल, ‘सदर ठेकेदारास मेहेरबानी का दाखवली याचा खुलासा करावा.’ त्यानंतर दक्षता पथक. म्हणजे इथला अधिकारी कुणालाच काही देणार नाही आणि तुझा तिकडचा सगळ्यांना सगळं देणार.

ताई : आता माझी गोष्ट ऐका. आमचं काम होतं एका सरकारी कार्यालयाला सॉफ्टवेअर चालवून द्यायचं. दर सहामाहीला कंपनी स्वतःचं मूल्यमापन लिहून देते. ते मी लिहायचे. तक्त्यात ‘उत्कृष्ट’ची जी व्याख्या आहे तिच्यातलेच शब्द उचलायचे आणि आपल्या कामाच्या वाक्यांत पेरायचे, म्हणजे वाचणाऱ्यालाही उचलायला सोपं. एका सहामाहीत आम्हाला शंभरातले शहाण्णव मिळाले. त्याच आठवड्यात मी त्यांच्या कार्यालयात गेले, तर तिथल्या बाई आमचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून एक्सेलमध्ये वेगळी वही लिहीत होत्या. म्हणाल्या, ‘तुमचं बंद पडतं ना मधूनमधून, म्हणून ही खरी.’

आप्पा : आणि त्यांच्या साहेबाला हे ठाऊक नव्हतं?

ताई : होतं की! एकदा त्यानं कच्च्या मसुद्यात ‘चांगलं’ लिहिलंही होतं. आमचे लोक त्याला भेटायला गेले. धमकी नाही, पाकीट नाही, कॉफी प्यायले. पक्क्या मसुद्यात ‘अतिशय चांगलं’ आलं. मामा, ‘उत्कृष्ट’ लिहायला अर्धं पान पुरतं. ‘समाधानकारक’ लिहिलं की मागे पुराव्याची चळत लावावी लागते, वर बैठका, वर ठेकेदाराचं उत्तर. आणि वरचे विचारणार, काम वाईट चाललं होतं तर तू सहा महिने काय करत होतास? ठेकेदाराला कमी मार्क म्हणजे त्या साहेबाच्या प्रकल्पालाच कमी मार्क. पुन्हा सोमवारी सकाळी त्याच लोकांबरोबर त्याच टेबलाशी बसायचं.

इथं मी तोंड उघडलं. मी एका सरकारी कार्यालयात आहे आणि बारा जणांचे गोपनीय अहवाल लिहितो. सहज म्हणालो, “आमच्या सी.आर.सारखंच आहे की हे.” ताईनं लगेच विचारलं, “तू आजवर किती जणांना ‘ब’ दिलास?” खरं सांगायचं तर एकाला. एकदाच. ‘ब’सुद्धा नाही, ‘ब+’. तो माणूस वर्षभर माझ्याशी बोलला नाही, डबा खायला दुसऱ्या खोलीत जायला लागला. नंतर मी कुणाला ‘अ’च्या खाली उतरवलं नाही. काही जणांना ‘अ+’ देताना पेन अडखळलं, पण दिलं. हे सगळं मी सांगितलं नाही. “एकाला” एवढंच म्हणालो. दोघंही हसले नाहीत, ते जास्त लागलं.

आप्पा : शब्द झिजतात, हे खरं. सीमा रस्त्यांकडचा एक अभियंता होता, माझ्याच हुद्द्याचा. त्याला एका वर्षी शेरा मिळाला ‘चांगला’. बढतीला लागायचा ‘अतिशय चांगला’. झालं, ‘चांगला’ म्हटल्यामुळे माणूस मागे पडला! देव दत्त विरुद्ध भारत सरकार. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. न्याय झाला. पण त्यानंतर ‘चांगला’ लिहायचं धाडस आणखी कमी झालं, ते वेगळं.

ताई : तेच म्हणते मी. आमच्याकडे ‘समाधानकारक’ ऐकलं की कंपनीत सुतक. खरं तर काय अर्थ त्याचा? ठरलं तसं काम केलं.

आप्पा : तरी मी तुझं ऐकणार नाही. हिशेब कर. ही फी नसती तर काय असतं? पक्का नफा. खर्च सरकारचा आणि नफा ठेकेदाराच्या खिशात, काम कसंही होवो. नव्वद टक्के मिळतात म्हणून तू ओरडतेस. पक्क्या नफ्यात शंभर मिळाले असते आणि कुणी अहवालही लिहिला नसता. दहा तर दहा, सरकारच्या हातात राहिले ना?

ताई : पैशापुरतं बरोबर आहे तुमचं. पण पक्क्या नफ्यात त्याला कुणी ‘उत्कृष्ट’ म्हणत नाही. हा कागद असतो ना, तो पुढे फिरतो. दुसऱ्या निविदेत कंपनी लिहिते, आम्हाला अमुक खात्यानं सहा वेळा ‘उत्कृष्ट’ दिलंय. खोट्या मार्कांवर पुढच्या वर्गात प्रवेश.

आप्पा : हं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ताई : आणि एक तुमच्या बाजूचंही सांगते, नाही तर मला झोप लागायची नाही. सहामाहीची बैठक व्हायची ना, तो वर्षातल्या दोन-तीन दिवसांपैकी एक असेल जेव्हा आमचे वरिष्ठ वापरणाऱ्यांच्या तक्रारी स्वतः वाचायचे. एरवी त्या माझ्या टेबलावर पडून असायच्या. फी टांगणीला होती म्हणून वाचायचे. त्यातल्या दोन-चार दुरुस्त्या खरंच व्हायच्या.

आप्पा : मग हेच तर हवंय! आणि शून्य कुणी दिलंच नाही का कधी?

ताई : दिलं ना. इराकमध्ये अमेरिकी लष्कराची सगळी उठाठेव केबीआर या कंपनीकडे होती. जानेवारी २००८ मध्ये बगदादच्या एका तळावर एक सैनिक अंघोळ करताना विजेचा धक्का बसून गेला. पाण्याच्या पंपाला अर्थिंग नीट नव्हतं. पुढे फेब्रुवारी २०१० मध्ये लष्करानं कळवलं, जानेवारी ते एप्रिल २००८ या काळाची अवॉर्ड फी तुम्हाला एक डॉलरही मिळणार नाही.

आप्पा : बघ! एका माणसानं सही केली आणि पैसे थांबले. कोर्ट नको, लवाद नको. दंडाचं कलम लावलं असतं तर दहा वर्षं दावा चालला असता. कलमात दम आहे, माझं ऐक.

ताई : मामा, तारखा बघा. माणूस गेला २००८ च्या जानेवारीत. सही झाली २०१० च्या फेब्रुवारीत. मध्ये चौकशा, काँग्रेसमधल्या सुनावण्या, वर्तमानपत्रं. शून्य लिहायला एवढं सगळं पाठीशी लागतं. रोजच्या साध्या वाईट कामाला कोण उभं राहतं पाठीशी? आमच्या एक्सेलवाल्या बाई?

आप्पांकडे उत्तर नव्हतं. ते उठून पाणी प्यायले. गच्चीवर थापी ठोकल्याचा आवाज थांबला होता.

ताई : आणि काम चांगलं की वाईट हे सहा महिन्यांनी कळतं, असं तरी कुठंय? हबल दुर्बीण घ्या. आरसा घासून झाला, तपासला, पास झाला. तपासायच्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटरनं हललेलं होतं, त्यामुळे आरसा चुकीचा आणि तपासणी म्हणते बरोबर. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, जूनमध्ये कळलं की फोटो धूसर येतायत. आरसा बनवून तेव्हा जवळजवळ दहा वर्षं झाली होती. त्या काळातले मार्क देऊन मोकळे झालेल्यांना आता काय विचारणार?

आप्पा : म्हणून आमच्याकडे दोषदायित्व कालावधी असतो. सुरक्षा ठेव अडकवून ठेवायची.

ताई : नासाच्या नियमात तसंच काहीसं आहे. वस्तू बनवून द्यायचा ठेका असेल तर मधले सगळे मार्क तात्पुरते. शेवटी वस्तू हातात आल्यावर पहिल्यापासूनचा एकच निकाल लावायचा. जास्त दिले गेले असतील तर परत घ्यायचे.

आप्पा : हे शहाणपणाचं. असंच हवं सगळीकडे.

ताई : नियम शहाणाच असतो हो. एसएलएस म्हणून चंद्राकडे जाणारं मोठं रॉकेट आहे. २०१७ च्या अखेरीस उडायचं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकानं अहवाल दिला, बोइंगकडच्या मुख्य टप्प्याचा खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेलंय. आणि २०१२ पासूनची सहा मूल्यमापनं? तीन ‘उत्कृष्ट’, तीन ‘अतिशय चांगलं’. दिलेली फी ३२ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे उपलब्ध रकमेच्या…

आप्पा : नव्वद टक्के?

ताई : नव्वद. २००५ च्या अहवालाला तेरा वर्षं झाली होती. काँग्रेसनं मध्ये कायद्यात कलमं घातली, फी खर्चाशी, वेळेशी, निकालाशी जोडा म्हणून. नियम बदलले, एटीकेटी गेली. मार्क देणारा हात तोच राहिला. रॉकेट उडालं १६ नोव्हेंबर २०२२ ला.

आप्पा : उडालं ना पण?

ताई : उडालं, आणि छान उडालं.

आप्पा : मग तुझ्या त्या सहा मार्कांपैकी काही खरेही असतील. काम अवघड होतं, लोक राबत असतील. उशीर झाला म्हणजे सगळेच झोपले होते असं नव्हे. हे कोण ठरवणार? टेप? शेवटी कुणीतरी रात्री साडेनऊला जाऊन गोणपाटाला हात लावून बघितल्याशिवाय…

आप्पांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण गवंडी जिना उतरून खाली आला होता. पाय धुऊन पडवीच्या कडेला उभा राहिला. “झालं साहेब. पाणी काढलं समदं. बघून घ्या.”

चार दिवस गच्चीवर पाणी कोंडून ठेवलं होतं आणि खालच्या छताला ओल आली नव्हती, हे आप्पांनी रोज सकाळी हात लावून बघितलेलंच होतं. तरी आम्ही तिघं वर गेलो. कोबा चांगला घोटला होता. कठड्याच्या कडेची गोलाई एकसारखी. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र ढाळ चुकला होता, तिथं पसाभर पाणी थांबलेलं होतं. आप्पांनी चपलेच्या टोकानं ते पन्हळीकडे ढकललं. ते परत जागेवर आलं.

“लिही गं मार्क,” आप्पा हळूच ताईला म्हणाले.

“चांगलं,” ताई म्हणाली. “‘अतिशय’ नाही. पासष्ट.”

“म्हणजे सव्वातीन हजार.” आप्पांनी मान डोलावली. “बरोबर आहे. पासष्टच.”

गवंडी आमच्यामागून वर आला होता. त्यानंही त्या पाण्याकडे बघितलं. “ऊन लागलं की सुकंल त्ये,” म्हणाला. मग थोड्या वेळानं, “पोरीची फी भरायचीय साहेब, जूनात. आणि मागच्या अंगाची भिंत कधी घ्यायची?” त्या भिंतीचं काम मे महिन्यात त्याच्याकडेच द्यायचं ठरलेलं होतं. सातारकरांना ठाऊक आहे, मे महिन्यात दुसरा गवंडी मिळत नाही.

आम्ही खाली आलो. आप्पा आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही. बाहेर येऊन त्यांनी ठरलेल्या मजुरीचं पाकीट आधी दिलं आणि वरचे पैसे वेगळे, मोजून, त्याच्या तळहातावर ठेवले. गवंड्यानं न मोजताच कपाळाला लावले. मोजले ते ताईनं, लांबूनच, ओठांत. पाचशेच्या नऊ नोटा होत्या.

कोबा उन्हानं तडकतो तो मे महिन्यात आणि गळतो तो जुलैत. पावसाला अजून सात आठवडे होते.